वस्त्रगाळ पीठ

माझ्या नावापुढे बी. ए. ही अक्षरं लागली ती मंजुळावहिनीमुळे. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढे मी काही लोकांविषयी वाईट बोलणार आहे आणि त्यात तिचं नाव मागे पडायला नको. मंजुळावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. माहेर बदलापूरच्या पलीकडे, बारवी नदीच्या अंगाला, डोंगरातल्या एका पाड्यावरचं. सासर मोरिवलीजवळची आमची वाडी. शाळा तिने बाहेरूनही पाहिली नसावी.

आता मी बदलापुरात राहतो, सोनिवलीच्या बाजूला. पूर्वी जिथे भात व्हायचं तिथे आमची इमारत उभी आहे. दसरा उलटला की खालच्या बेकरीतून नानकटाईचा वास जिन्याने वर चढतो आणि मला काही सुचत नाही. इमारतीतल्या लोकांना मात्र तेव्हा फार सुचतं. परवा तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ मला जिन्यात अडवून म्हणाले, "आम्ही मैदा पूर्ण सोडला, काका. आता सगळं ज्वारी-नाचणीचं. जात्यावरचं पीठ मिळतं एका ठिकाणी, काय चव असते." मी विचारलं, "जातं कोण ओढतं?" ते म्हणाले, "म्हणजे?" मी जिना चढायला लागलो.

पीठ खाणाऱ्यांची आणि पीठ करणाऱ्यांची अशी दोन गावं असतात. मी दोन्ही गावांत राहिलो आहे. पहिल्या गावाबद्दल माझं मत चांगलं नाही.

आमच्या घरी जातं ओटीच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत होतं. पहाटे कोंबडा आरवायच्या आत त्याची घरघर सुरू व्हायची. मी चटईवर पडल्यापडल्या ऐकायचो. भात कांडून झालेले तांदूळ, कधी नाचणी, आणि रेशनवर मिळेल तेव्हा तो परदेशी लाल गहू. वहिनी एक पाय लांब करून बसायची, डाव्या हाताने मूठ सोडायची आणि उजव्याने खुंटा ओढायची. मध्येच हात बदलायची. तेवढीच तिची विश्रांती. उजाडल्यावर ती बाहेर यायची तेव्हा तिच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या, पापण्यांनाही पीठ लागलेलं असायचं. ती पदराने तोंड पुसायची आणि पुन्हा तरुण व्हायची.

पुढे कॉलेजात मला 'पिठूर चांदणं' हा शब्द भेटला. वर्गात आमचे एक प्राध्यापक तो शब्द डोळे मिटून उच्चारायचे. शब्द देखणा आहे, नाही कोण म्हणतो? पण मला तेव्हाही वाटायचं की हा शब्द ज्याने घडवला त्याने जात्याभोवतीचं पीठ कुंच्याने कधी गोळा केलं नसणार. पीठ घामावर चिकटतं. नाकात गेलं की दिवसभर शिंका येतात. मानेवर बसलं की खाज सुटते. चांदण्याने यातलं काहीही केलेलं मला माहीत नाही.

आणि एकट्या कवींना कशाला बोला? आपल्या बोलण्यात पीठ कुठे कुठे सांडलंय ते बघा. मास्तर छडी उगारून म्हणायचे, "कणीक तिंबून काढीन एकेकाची." या मास्तरांनी आयुष्यात कणकेला बोट लावलं नव्हतं. लावलं असतं तर त्यांना कळलं असतं की कणकेला धाकात ठेवून ती मऊ होत नाही. तिला थोडं थोडं पाणी लागतं, तेलाचा हात लागतो, आणि मग ओलं फडकं झाकून तिला एकटं सोडावं लागतं. बाईने एखादी गोष्ट दुसऱ्यांदा सांगितली की घरातला पुरुष म्हणतो, "तेच दळण दळू नकोस." दळण रोज तेच असतं, कारण त्याची भूक रोज तीच असते. सरकारी पैसा खाल्ला की लाटला म्हणतात, दुसऱ्याच्या भांडणात फायदा साधला की आपली पोळी भाजून घेतली म्हणतात. एवढी लाटणी आणि भाजणी पुरुषांच्या तोंडी. स्वयंपाकघरात मात्र त्यांतला एकही दिसत नाही.

या भाषेचे आमच्या वाडीतले मोठे जाणकार म्हणजे तात्या. माझे चुलते. वडील मी लहान असताना गेले, तेव्हापासून घराचा कारभार तात्यांकडे आला. कारभार म्हणजे ओटीवरच्या खाटेवर बसून बोलणं. तात्या चौथीपर्यंत शिकलेले, वाडीत मी सोडता वाचता येणारे तेच एकटे. माझा दादा अंबरनाथला काड्यापेटीच्या कारखान्यात पाळीवर जायचा. तो समोर नसताना आणि असतानाही तात्या त्याला 'मैद्याचं पोतं' म्हणायचे, कारण दादा कोणाला उलट बोलत नसे. मला म्हणायचे, "शिकतो हाय नुसता. डोक्यात भुसा भरून येनार." वहिनीला ते काही म्हणत नसत. बायकांशी बोलण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं.

तात्यांचं एक शास्त्र होतं. घरच्या जात्यावरचं पीठ ते अन्न. गिरणीचं पीठ जळकं, त्यातलं सत्त्व गेलेलं. आणि पाव म्हणजे बाटलेलं. पाव खाल्ला की माणूस बाटला, मग तो कुठल्या पिठाचा आहे, कोणी भाजला, हे विचारायचं कारण नाही. हे शास्त्र त्यांनी कुठे वाचलं होतं, देव जाणे. पण खाटेवर बसून सांगितलेल्या गोष्टीला वाडीत कोणी पुरावा मागत नसे.

फाळणीनंतर कल्याणच्या पुढच्या लष्करी बराकींत सिंधी माणसं येऊन उतरली. त्या वस्तीला पुढे उल्हासनगर नाव मिळालं, पण आमच्याकडे सगळे तिला कॅम्पच म्हणायचे, अजूनही म्हणतात. उघड्या माळावर बघता बघता बाजार उभा राहिला. गोणपाटाच्या भिंती, पत्र्याची छपरं, आणि त्यांच्या आत पापड, बिस्किटं, कापड, कुलपं, काय म्हणाल ते. तात्या म्हणाले, "उपटसुंभ लोक. महिन्याभरात पळतील." ते पळाले नाहीत. ते पहाटे उठत.

वहिनी पाटी डोक्यावर घेऊन कॅम्पात भाजी विकायला जाऊ लागली ती त्याच सुमाराला. शिराळी, काकड्या, दुधी, पावसाळा संपता संपता लाल भोपळा. बदलापूरच्या शाळेतून मी मॅट्रिक झालो आणि मुंबईला कॉलेजात गेलो, तो त्या पाटीच्या जोरावर. दादाच्या पगारात घर चालायचं, पाटीत मी चालायचो. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नसे.

कॅम्पातल्या एका बराकीच्या टोकाला भट्टी होती. तिचा मालक आसनदास, दंडांवर भाजल्याचे डाग असलेला बारीक माणूस. त्याच्या बायकोला सगळे अदी म्हणत. अदी म्हणजे सिंधीत मोठी बहीण. वहिनी भाजी विकून झाली की तिथे सावलीला टेकायची. दोघींना एकमेकींची भाषा अर्धीमुर्धी यायची आणि त्यांच्या गप्पांना तेवढी पुरायची.

दिवाळीच्या आधी भट्टीपुढे बायकांची रांग लागायची. प्रत्येकीकडे आपापला डबा, आपलं पीठ, आपली साखर, आपलं तूप. पाव भाजून बाहेर निघाले की भट्टीत जी धग उरायची, तिच्यावर नानकटाई व्हायची. आसनदास म्हणायचा, "आटा तुम्हारा, घी तुम्हारा, हाथ भी तुम्हारा. आग हमारी." बायका ओळीने मांडी घालून बसायच्या, पराती मांडीवर घेऊन तूप-साखर फेसायच्या, गोळे वळून लोखंडी ट्रेमध्ये ठेवायच्या. भट्टीत एकीची दुसरीत जाऊ नये म्हणून प्रत्येकीची खूण वेगळी. कोणी चारोळी लावायची, कोणी अंगठा दाबायची, कोणी काडीने फुली मारायची. वहिनी बांगडीची कड हलकेच टेकवायची. तिच्या नानकटाईवर चंद्रकोर उठायची.

ती नानकटाई माझ्यासाठी होती. सुट्टी संपवून मी मुंबईला खोलीवर परत जायचो तेव्हा बरोबर दिलेली भाकरी दुसऱ्या दिवशी कडक व्हायची आणि तिसऱ्या दिवशी तिला बुरशी यायची. अदीने वहिनीला सांगितलं की ही चीज महिनाभर टिकते. पहिल्या वर्षी वहिनीने आपलं तांदळाचं पीठ नेलं, कारण आमच्या घरी रोजचं पीठ तेच. नानकटाई भट्टीतून आली ती सोनेरी, सुंदर, आणि हात लावताच तिची रेती झाली. अदी पोट धरून हसली. "मंजुला, ये खाने का है या भांडी घासने का?" वहिनीही हसली. मी ती रेती महिनाभर चमच्याने खाल्ली.

दुसऱ्या वर्षी अदी म्हणाली, मैदा घे. वहिनीला मैदा पटेना. दुकानातला मैदा तिने बोटांत चोळून पाहिला, हुंगला आणि म्हणाली, "याला वासच नाय. मेलेलं हाय." मैद्याबद्दल याहून अचूक काही मी अजून ऐकलेलं नाही. आमच्या इमारतीतले गृहस्थ ज्या निष्कर्षापर्यंत आत्ता पोचले, तिथे वहिनी चोळलेल्या दोन बोटांत पोचली होती. मग तिने रेशनचा लाल गहू ओलसर करून सुकवला, जात्यावर बारीक दळला, आणि तिच्या लग्नातल्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून गाळला. वस्त्रगाळ. परातीवर कापड ताणून ती तळहाताने पीठ फिरवायची आणि खाली इतकं मऊ पडायचं की पडल्याचा आवाज होत नसे. कोंडा वर राहायचा. तो म्हशीला.

त्या वर्षीची नानकटाई चांगली झाली. फार चांगली झाली म्हणूनच भानगड झाली. पाडव्याच्या दिवशी डबा उघडा राहिला, वास ओटीवर गेला आणि तात्यांनी विचारलं, "ह्यो कसला वास?"

संध्याकाळी ओटीवर वाडीतली चार म्हातारी माणसं जमली. त्यांत गोमाबाबा, कानांनी अधू, पण न्यायनिवाड्याला हटकून हजर. दादा खांबाला टेकून बसला होता. मी त्याच्याजवळ. वहिनी दाराआड उभी. अंगणात कापून आणलेल्या हळव्या, लवकर पिकणाऱ्या भाताच्या पेंढ्या रचलेल्या होत्या आणि त्यांचा ओला गोडसर वास नानकटाईच्या वासात मिसळला होता.

तात्या म्हणाले, "भट्टी कोनाची?"

"सिंध्यांची," वहिनी आतून म्हणाली.

"त्यात पाव भाजतात का नाय?"

"भाजतात."

"मग बाटलं. इचारायचं काय त्यात?"

"पीठ मी दळलं, तात्या. तूप आपल्या म्हशीचं. वळलं माझ्या हातानं. बाटलं काय तेवडं सांगा. मी तेवडं काढून टाकते."

गोमाबाबांनी शेजाऱ्याला विचारलं, "काय बोलली?" शेजाऱ्याने कानात सांगितलं. गोमाबाबा मान डोलवत म्हणाले, "बरोबर हाय. काय बाटलं?"

तात्यांना हा प्रश्न अपेक्षित नव्हता. त्यांनी खिशातून बिडी काढली, काडी ओढली, बिडी शिलगावली. एक झुरका घेतल्यावर त्यांना उत्तर सापडलं. "आग. आग बाटली. त्यांची आग आपल्या अन्नाला लागली."

"अशी कशी बाटली?" वहिनी म्हणाली. "तुमच्या हातात काडी हाय ती कोनाच्या हातची?"

"कारखान्याची."

"कारखान्याला हात असतात व्हय? अवो," ती दादाला म्हणाली, "तुमी सांगा ना. काडीला गुल कोन लावतं तिकडं?"

दादाने खाली बघितलं. "सगळेच असतात. सगळ्या जातीचे. कोन कोन सांगू?"

तात्यांच्या तोंडात बिडी तशीच होती. टाकून द्यावी तर वहिनीचं म्हणणं मान्य केल्यासारखं, ओढावी तर आणखीनच मान्य केल्यासारखं. ते तिला बोटांत धरून बसून राहिले. बिडी विझली. गोमाबाबांना कोणीतरी पुन्हा कानात सांगितलं आणि ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

मला वाटलं, झालं, जिंकली. पण वादात हरलेला माणूस गप्प बसतो हे पुस्तकात. खाटेवर बसलेला माणूस हरला की हुकूम काढतो. तात्या म्हणाले, "बाईच्या जातीनं ओटीवर तोंड चालवायचं नाय. आनि उद्यापास्नं ही कॅम्पात जानार नाय. बास."

वहिनीचा चेहरा मला दिसत नव्हता. दाराच्या फटीतून फक्त तिचा हात दिसत होता, चौकटीला धरलेला.

मी म्हणालो, "मग माझं शिक्षण, तात्या?"

"शिकून काय करनार? पाव भाजनार?"

चारही म्हातारे हसले. दोघांना तर नक्की कशाला हसतोय हेही कळलं नसावं. मी दादाकडे पाहिलं. दादा चांगला माणूस होता. चांगली माणसं अशा वेळी आपल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघतात. तात्यांचा तिरस्कार करणं मला सोपं जातं, पण त्या संध्याकाळचा खरा राग माझ्या मनात अजून आहे तो त्या खाली घातलेल्या मानांचा. एका माणसाने उठून "वहिनी जाईल" एवढं म्हटलं असतं तर पुरलं असतं. मी म्हटलं. पण कॉलेजातल्या पोराचं बोलणं त्या ओटीवर माशी घोंघावल्यासारखं होतं. तात्यांनी हात हलवला आणि माशी उडवली.

रात्री वहिनीने सगळ्यांना जेवायला वाढलं. मी मनात हिशेब मांडत होतो की कॉलेज सोडलं तर दादाच्या कारखान्यात मला घेतील का.

पहाटे जात्याचा आवाज आला. नेहमीसारखा. मग थांबला. मग पाटी उचलल्याचा, तिच्यात काकड्या रचल्याचा आवाज. मी उठून बसलो. आमच्याकडे बायका परसाच्या दाराने जायच्या. ओटीवरून जायची रीत नव्हती, तिथे तात्या निजलेले असायचे. वहिनी ओटीवरून गेली. खाटेला लागून. पाटी डोक्यावर, भुवयांवर पीठ तसंच. खाटेजवळ ती क्षणभर उभी राहिली. बोलायचं असेल तर आत्ता बोला, अशी.

तात्यांनी कूस बदलली आणि घोंगडी कानावर ओढली.

अडवायचं तर उठायला हवं होतं. तात्यांचं अख्खं शास्त्र, त्यांची जात, त्यांचा शब्द, सगळं त्या घोंगडीखाली ऊब धरून पडलं होतं आणि बाहेर थंडी होती. वहिनी पायऱ्या उतरली. अंगणातल्या पेंढ्यांवर दव पडलं होतं.

त्यानंतर कोणी त्या हुकुमाचा उच्चार केला नाही. तो मागेही घेतला गेला नाही. बंदी कायम होती आणि वहिनी रोज जात होती. कोणी विचारलंच तर तात्या म्हणत, "मना ठाव नाय, मी निजलेला असतो." त्यांच्या आयुष्यातलं हे एक प्रामाणिक वाक्य.

पीठ हाताळणाऱ्या बायकांचं राज्य पहाटे असतं. तेवढ्या वेळात त्या जगाचं पुढचं काम उरकून टाकतात, आणि पुरुष उठून चहाबरोबर जगावर निवाडा देतात. अशा निवाड्यांचा मला आता राग येत नाही. कंटाळा येतो. आमच्या इमारतीच्या सभेतही मी तेच बघतो, फक्त बिडी नसते.

वहिनी जाऊन आता बरीच वर्षं झाली. आसनदासच्या भट्टीच्या जागी कपड्यांचं दुकान आहे असं ऐकतो. मी बघायला गेलो नाही.

मी बी. ए. झालो तेव्हा मुंबईला होतो. निकालाची बातमी दादाच्या एका सोबत्याकडून आधी वाडीत पोचली. आणि मला त्याच सोबत्याकडून कळलं की तात्या अंबरनाथच्या बाजारात उभे राहून सगळ्यांना सांगत होते, "आमी शिकवला पोराला. पोटाला चिमटा काढून शिकवला." लोक त्यांना पान देत होते. हे ऐकून मी त्या दिवशी जेवलो नाही.

मग वहिनीला पत्र लिहायला बसलो. वहिनीला वाचता येत नव्हतं, दादाला सहीपुरतं येत होतं. वाडीत आलेलं कुठलंही पत्र तात्याच वाचायचे, ओटीवर, सगळ्यांना बोलावून. अक्षराखाली बोट ठेवून, एकेक अक्षर जुळवत, खणखणीत आवाजात. शब्द तोंडातून बाहेर पडल्यावरच त्यांना तो कळायचा. त्यामुळे मधलं काही गाळणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. मी अक्षर मोठं आणि सुटं काढलं. ते पत्र असं होतं:

ती. सौ. मंजुळावहिनीस,

बाळारामचा साष्टांग नमस्कार.

मी बी. ए. पास झालो. हे पत्र तात्या वाचून दाखवत असतील. त्यांनाही नमस्कार. त्यांचा आवाज मोठा आहे, तेव्हा सगळ्यांना नीट ऐकू जाईल.

मला तात्यांनी शिकवलं नाही. मला तू शिकवलंस. बाजारात कोणी वेगळं सांगत असेल तर ते खरं नाही. तू कॅम्पात जाऊ नये असं आपल्या ओटीवर ठरलं होतं. तू गेलीस, म्हणून मी पास झालो. ठरवणारे चुकले होते. हे वाक्य तात्यांनी पुन्हा एकदा वाचावं, गोमाबाबांना कमी ऐकू येतं.

दादाला सांग, त्याने कधी अडवलं नाही हे मी विसरलो नाही. पण पुढच्या वेळी त्याने बोलावं.

अदीला निकाल सांग. आसनदासला नमस्कार सांग.

मला इथे नोकरी मिळण्याची आशा आहे. मिळाली की तुला घेऊन जायला येईन. समुद्र बघायचा आहे असं तू एकदा म्हणाली होतीस. मी विसरलो नाही.

पत्र संपलं. आता तात्यांनी ते घडी करून तुझ्या हातात द्यावं. पत्र तुझं आहे.

तुझा,
बाळाराम